यंदा करायचं तरी कुणासाठी?

एप्रिल सुरू झाला की साठी-सत्तरीतल्या बायका (हल्ली काही काकासुद्धा) माझ्याकडे समुपदेशनाला हे एकच वाक्य घेऊन येतात. विषय उन्हाळ्यातल्या आमसुलं-आंबापोळ्यांचा. मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, नातवंडांना आमसुलाचं सार नको. परसातले आंबा, फणस, रातांबे (कोकमाची फळं) मात्र नेमाने धरतात.

चिपळूणकडच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय ७२, झोप-भूक ठीक. “माझा उपयोग संपला,” एवढीच तक्रार. झाडाखाली रातांबे सडत होते, त्याची टोचणी वेगळी.

“पूर्वी किती आमसुलं करायचात?”

“दहा-बारा किलो. पाच घरांना पुरायची.”

“आणि आता?”

“तेवढं होत नाही. मग चार मुठींसाठी पसारा कशाला मांडायचा?”

घरचे म्हणत होते, आईला एकटेपणा खातोय. मला वेगळंच दिसलं: काकू स्वतःला किलोवर मोजत होत्या. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. परिस्थितीपेक्षा आपले हट्ट आपल्याला जास्त छळतात, हे इतक्या वर्षांत मला पुनःपुन्हा पटलंय. ‘पूर्वीइतकं जमलं तरच मी कामाची’ हा काकूंचा हट्ट. तो सुटला नसता, तर मुलं सुट्टीभर येऊन राहिली असती तरी काकू कष्टीच राहिल्या असत्या.

एका भेटीत विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय आवडतं?”

बराच वेळ उत्तर नाही. मग, “सांदणं. बरक्या फणसाची. पण ह्यांना फणसाचा वाससुद्धा चालत नसे.”

सांदणं म्हणजे फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवलेल्या गोड इडल्या. मी तेवढंच धरून ठेवलं. सांगितलं, वाटीभर रसाची करा, फक्त स्वतःपुरती. त्यात एक तरी गोष्ट कधी न केलेली घाला. बिघडली तर बिघडू देत.

पुढच्या वेळी काकू खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या. पहिली सांदणं दगड झाली, तांदळाचा रवा जास्त पडला. दुसऱ्या खेपेला रसात आलं किसून घातलं आणि नारळाच्या दुधाऐवजी मेथांब्याशी खाल्ली. “कुणी केली नसतील अशी,” म्हणाल्या. बोलताना बोटांनी वाटीचा आकार दाखवत होत्या. उपयोगाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, आणि मीही काढला नाही.

असं घरात कुणी असेल तर माप आधी लहान करा. रातांबे फोडून, बिया काढून, सालं त्याच रसात मीठ घालून बुडवायची आणि वाळवायची, असं काही दिवस चालतं. दहा किलोला ते कंबरडं मोडतं, ताटभर सालांना नाही. मग नेहमीच्या कृतीत एक बदल करा: आंबापोळीत मिरपूड, पन्ह्यात पुदिना, काहीही. मधुमेह असेल तर आंबा-फणस किती खायचा, रक्तदाब असेल तर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि लोणचं किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळंच गेलं असेल, तर सांदणांवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

मुलांनो, “कशाला दमतेस, विकत मिळतं” हे काळजीचं वाक्य आईला ‘तुझी गरज नाही’ असं ऐकू येतं. त्यापेक्षा यंदा नवीन काय केलंस ते विचारा.

जूनमध्ये काकूंच्या मुलाचा फोन आला. “यंदा आगळ नाही आलं. आई रागावलीय का?”

“नाही हो. एकच बाटली केली होती, ती त्यांनीच संपवली.”