कथाकार जी. ए. कुलकर्णी आणि कवयित्री इंदिरा संत मूळ मासिकांत वाचायचे असतील, तर बेळगावात शोध कुठून सुरू करावा?

रद्दीवाल्याकडून नको. मी दोन वर्षं तेच केलं. दिवाळी अंक ढीगभर मिळाले, हवं ते एकही नाही.

आधी सार्वजनिक वाचनालयात जा. १८४८ पासूनची संस्था आहे. मात्र तिथे लेखकाचं नाव सांगून उपयोग नाही; 'सत्यकथे'च्या बांधीव फायली मागा, वर्ष सांगून. जी. एं.ची कथा आणि इंदिराबाईंची कविता, दोन्ही प्रामुख्याने याच मासिकातून वाचकांपुढे आली. ते १९८२ मध्ये बंद पडलं, म्हणजे शोधाला शेवटची हद्द आपोआप मिळते. शोधाला लागण्यापूर्वी दोघांच्या संग्रहांच्या प्रस्तावना चाळा, पहिल्या प्रसिद्धीचा महिना-साल कधीकधी तिथेच सापडतो.

बायंडरने मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकलेल्या असतात, तेव्हा अंक कुठे संपला हे पान-क्रमांकावरूनच ओळखायचं. माझ्या हाती आलेल्या एका खंडात कडा इतक्या कापल्या होत्या की कवितेच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गायब! झेरॉक्सचा हट्ट धरू नका, पाठीचा डिंक सुटतो. मोबाईलवर फोटो घ्या, तोही विचारून.

आणि घरातली माडी विसरू नका. निपाणीला आमच्या आत्याच्या ट्रंकेत जुनी 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकं निघाली, पापडाच्या डब्याखाली. कथेच्या समासात पेन्सिलीने दुधाचा हिशेब. आत्या म्हणाली, "घेऊन जा की, पण हिशेब पुसू नकोस."