गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, मग फ्लू वारंवार का होतो?

शरीराची आठवण दोन्हीकडे काम करते, फरक विषाणूत आहे.

बी-पेशी म्हणजे अँटिबॉडी (विषाणूला चिकटणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या तयार होतानाच त्यांच्या जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जुळतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीचा रिसेप्टर (पृष्ठभागावरचा, विषाणूला चिकटणारा भाग) निराळा असतो. (हे उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.) म्हणजे गोवराचा विषाणू शिरण्याआधीच त्याला चिकटू शकणाऱ्या मोजक्या पेशी अंगात असतात. या मोजक्या बी-पेशी, टी-पेशी नावाच्या दुसऱ्या प्रतिकारपेशींच्या मदतीने भराभर वाढतात, पण पहिल्या वेळी यात आठवडाभर सहज जातो आणि तोवर आपण आजारी पडतो. नंतर बहुतेक पेशी मरतात. काही स्मृतिपेशी (तोच विषाणू पुन्हा आला की चटकन ओळखणाऱ्या) म्हणून उरतात, तर काही अस्थिमज्जेत बसून वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहतात.

किती वर्षं? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, पुढची थेट १८४६ मध्ये. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने पाहिलं, की पहिल्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाच तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षांनी!

फ्लूचा विषाणू आपली पृष्ठभागावरची प्रथिनं सतत बदलतो, त्यामुळे जुन्या अँटिबॉडी त्याला नीट चिकटत नाहीत.

आणि 'एकदा होऊन जाऊ दे गोवर' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. हा विषाणू इतर रोगांच्या स्मृतिपेशीही मारतो. लसीने आठवण तयार होते, पण हा तोटा होत नाही.