निरागसमध्ये 'राग' नाही, 'आगस्' आहे

प्रश्न असा आहे की निरागस म्हणजे 'राग नसलेला' का, आणि निष्पाप, अजाण असे शब्द असताना लहान मुलांना हाच का लावतात.

रागाचा इथे काही संबंध नाही. निर्-च्या पुढे र आला की एक र गळतो आणि नि दीर्घ होतो, नीरस, नीरोग बघा. म्हणजे राग नसलेला तो नीराग झाला असता, शिवाय शेवटचा स उरतोच. खरी फोड निर् + आगस्, आगस् म्हणजे अपराध. आगस् शब्द फार जुना, ऋग्वेदात 'अनागस्' म्हणजे आगस् नसलेला असा आहे, 'उदुत्तमं वरुण पाशम्' या ऋचेत (१.२४.१५), की वरुणा आमचे पाश सैल कर, आम्हाला अनागस होऊ दे. हे सूक्त शुनःशेप नावाच्या मुलाचं मानतात, आणि ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात त्याला बापाने शंभर गाईंच्या बदल्यात बळीसाठी विकलेलं असतं. म्हणजे खांबाला बांधलेलं पोर हे मागतंय! तेव्हापासून मला निरागस हा नुसता गोडगोड शब्द वाटतच नाही.

आता वापर. पेपरात 'निष्पाप नागरिक' येतं, 'निरागस नागरिक' कोणी लिहीत नाही. अजाण म्हणजे ज्याला कळत नाही तो, आणि सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावाबरोबर अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता लिहितात तेही न कळण्याबद्दलच. निरागसमध्ये मला दिसतं ते मनात हिशोब न ठेवणं. अढी, आकस, डूख, मोठ्यांसाठी केवढे शब्द आहेत, पण चार वर्षांच्या पोराने डूख धरला असं म्हणून बघा, जीभच वळत नाही.

परवाच माझी भाची शेजारच्या मुलीशी करंगळी लावून कट्टी करून रडत आली, आणि दहा मिनिटांत दोघी जिन्यात, पेरूवर फ्रॉकचं टोक धरून चिमणीच्या दातांनी तोडतायत, मोठा तुकडा त्याच मुलीला. अगं तुमची कट्टी होती ना, म्हटलं तर माझ्याकडे नुसती बघतच राहिली, कशाबद्दल विचारतोय तेच तिला कळेना.

तेव्हा निरागस हसू, निरागस प्रश्न अगदी बरोबर. 'निरागस चूक' मात्र मी तरी लिहिणार नाही, आगस् नाही म्हणायचं आणि पुढे चूक म्हणायचं, तिथे 'नकळत झालेली चूक' म्हणा.