सहा टायमर, चोवीस क्यूबर

शनिवार-रविवारी रुबिक क्यूब झटपट सोडवणाऱ्या क्यूबवाल्यांना एकत्र जमवून मैत्रीपूर्ण शर्यत लावायची, तर तयारी काय करावी, अशी विचारणा करणारी पत्रे या महिन्यात आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरे.

सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चोवीस जण जमणार आहोत. टायमर सहाच आहेत. तीन-बाय-तीनच्या, म्हणजे नेहमीच्या क्यूबच्या दोन फेऱ्या, दोन-बाय-दोन आणि पिरॅमिंक्स (पिरॅमिडच्या आकाराचे कोडे) एका दिवसात उरकेल का? – नाशिक

उरकेल, आणि जेवणही निवांत होईल. एकदा क्यूब सोडवणे म्हणजे एक सॉल्व्ह. एका फेरीत प्रत्येकाचे पाच सॉल्व्ह, म्हणजे एकूण १२०. क्यूब स्क्रॅम्बल करून, म्हणजे ठरलेल्या चालींनी विस्कटून, टेबलावर येणे, सोडवण्याआधीचे निरीक्षण, सॉल्व्ह, वेळ लिहून सही करणे, या सगळ्याला टेबलावर साधारण दोन मिनिटे धरा. आठ-आठ जणांचे तीन गट केले, की एका गटाचे ४० सॉल्व्ह सहा टेबलांवर चौदा मिनिटांत बसतात. उशिरा येणारे, हरवलेली कार्डे, अडखळलेला टायमर जमेस धरून गटाला वीस मिनिटे द्या. फेरी तासाभरात होते. दोन-बाय-दोन आणि पिरॅमिंक्सला पाऊण-पाऊण तास पुरतो.

हे गणित बिघडते ते टायमरमुळे नव्हे, माणसांमुळे. एक गट खेळत असताना सहा जज, दोन-तीन स्क्रॅम्बलर आणि क्यूब पोचवणारा एक जण लागतो. हे सगळे उरलेल्या सोळा जणांतूनच येणार. म्हणून गट पाडताना सगळे वेगवान क्यूबर एकाच गटात घालू नका. तसे केले तर त्यांच्या पाळीला स्क्रॅम्बल करणारे हात नवशिक्यांचे उरतात आणि टेबले रिकामी बसून राहतात. प्रत्येक गटात वेगवान तीन, मधले तीन, नवशिके दोन असे काहीसे मिश्रण ठेवा. दोन मिनिटांपेक्षा जास्त घेणारे कोणी असतील तर प्रत्येक सॉल्व्हला तीन मिनिटांची मर्यादा आधीच जाहीर करा. मध्येच ‘आता थांब’ म्हणणे कोणालाच आवडत नाही.

पाळीची वाट पाहणाऱ्यांच्या खुर्च्या टेबलांकडे पाठ करून मांडा. गटातल्या सर्वांना तेच पाच स्क्रॅम्बल मिळत असल्याने दुसऱ्याचा क्यूब आधी दिसणे म्हणजे पेपर फुटणेच. स्क्रॅम्बल केलेला क्यूब झाकायला मिठाईचा रिकामा खोका पालथा घातला तरी चालतो.

आणि हॉलमधले पिवळे दिवे आधी तपासा. त्या उजेडात पांढरा-पिवळा आणि लाल-केशरी एकमेकांत मिसळतात. टेबलांवर पांढरा प्रकाश हवा.

आमच्याकडे मागच्या वेळी एकाच गटात दोघांना वेगवेगळे स्क्रॅम्बल मिळाले आणि वाद झाला. हे कसे टाळायचे? – कोल्हापूर

क्यूबच्या अधिकृत स्पर्धांची संघटना असलेल्या वर्ल्ड क्यूब असोसिएशनचा स्क्रॅम्बल बनवणारा प्रोग्रॅम, टीनूडल, फुकट मिळतो. त्याच्या छापील पानावर प्रत्येक स्क्रॅम्बलशेजारी शेवटी क्यूब कसा दिसायला हवा त्याचे चित्र असते. वाद टाळणारी गोष्ट ती हीच, आणि घाईत नेमकी तीच कोणी बघत नाही. पांढरी बाजू वर, हिरवी समोर धरून सुरुवात करायची. साधारण वीस चाली संपल्या की सहाही बाजू चित्राशी ताडून पाहायच्या, समोरची एकच नव्हे.

चुका ठरलेल्या जागी होतात. चाली इंग्रजी अक्षरांत असतात, ‘आर’ म्हणजे उजवी बाजू, ‘यू’ म्हणजे वरची, ‘प्राईम’ म्हणजे उलट दिशेने, ‘टू’ म्हणजे दोनदा. ‘आर-प्राईम’च्या डोक्यावरची बारीक खूण नजरेतून सुटते आणि बाजू उलट फिरते. ‘यू-टू’ला एकदाच फिरवले जाते. ‘बी’ म्हणजे मागची बाजू फिरवताना अख्खा क्यूब हातात वळतो आणि पुढच्या सगळ्या चाली चुकतात. क्यूब आधीच पूर्ण सुटलेला नसेल, दोन चाली उरलेल्या असतील, तरी चित्र जुळत नाही. न जुळणारा क्यूब उलट चाली करून दुरुस्त करत बसू नका. सोडवा आणि पहिल्यापासून स्क्रॅम्बल करा, वेगवान हाताला मिनिटही लागत नाही. वीस पानी प्रिंट काढताना टोनर फिका असेल तर त्या ‘प्राईम’च्या खुणाच आधी पुसट होतात, तेव्हा तेवढे जपा.

नियम किती कडक ठेवावेत? घरगुती कार्यक्रम आहे, पण +२ वरून (दोन सेकंदांच्या दंडावरून) रुसवे होतात. – ठाणे

वेळ मोजण्यापुरते कडक, बाकी सैल. मोजमापात सवलत दिली की ती कोणाला दिली आणि कोणाला नाही, यावरच खरे रुसवे होतात. पुढचे नियम सकाळी एकदा मोठ्याने वाचा.

झाकण उचलल्यापासून निरीक्षणाला १५ सेकंद. जज ८ आणि १२ सेकंदांना मोठ्याने आकडा सांगतो. १५ ते १७ मध्ये सुरू केले तर +२, त्यानंतर तो सॉल्व्ह बाद, म्हणजे डीएनएफ. टायमरच्या पट्ट्यांवर हात ठेवून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचे. लाल दिव्यावरच हात उचलला तर घड्याळ सुरूच होत नाही आणि खेळणारा मात्र क्यूब फिरवत सुटतो. जजने डोळे दिव्यावर ठेवले तर हे लगेच कळते. थांबवताना क्यूब आधी हातातून सुटायला हवा, मग दोन्ही तळवे पालथे टायमरवर. शेवटची बाजू ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी राहिली तर +२. एकाहून जास्त चाली उरल्या तर डीएनएफ. जजने पाहण्याआधी क्यूबला हात लावायचा नाही. सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच नियम, कारण तिरकी बाजू सरळ करायला बोटे आपोआप जातात.

टायमर सेकंदाचा हजारावा भाग दाखवत असेल तर तो अंक सोडून द्यायचा, १२.३४९ म्हणजे १२.३४. पाच वेळांतली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी. उदाहरणार्थ १८.४२, १६.९०, २५.३१, १७.५५, १९.०३ असतील तर १६.९० आणि २५.३१ गेले. बाकीची बेरीज ५५.००, सरासरी १८.३३. एक डीएनएफ वाईट म्हणून वगळला जातो, दोन झाले तर सरासरीच डीएनएफ.

या वेळा अधिकृत धरल्या जातील का? – सोलापूर

नाही. त्यासाठी वर्ल्ड क्यूब असोसिएशनचा डेलिगेट, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, हजर असावा लागतो आणि स्पर्धा आधीपासून त्यांच्याकडे जाहीर झालेली असावी लागते.

आमच्याकडे नऊ वर्षांचा मुलगा १४ सेकंदांत सोडवतो आणि आजी दीड मिनिटात. दोघांनाही जिंकण्याची संधी कशी द्यायची? – पुणे

रविवारी स्वतःशीच शर्यत लावा. शनिवारच्या दोन फेऱ्यांतली ज्याची त्याची चांगली सरासरी हा पाया. रविवारची सरासरी या पायाने भागायची, ज्याचा भागाकार सर्वांत लहान तो जिंकला. आजी ९२.०० वरून ८०.९६ वर आल्या तर ०.८८. नातू १४.०० वरून १३.३० वर आला तर ०.९५. आजी जिंकल्या.

यात दोन फटी आहेत. शनिवारी मुद्दाम हळू सोडवणारा एखादा निघतोच. ज्याची अधिकृत सरासरी आहे त्याच्यासाठी ती आणि शनिवारची, यांतली कमी ती धरा. दुसरी फट अशी, की नवशिक्याची वेळ मुळातच खूप वरखाली होते. नशिबाने साथ दिली की तो वीस टक्के सुधारतो, चौदा सेकंदवाल्याला पाच टक्के काढतानाही घाम फुटतो. म्हणून ४५ सेकंदांच्या आतले आणि बाहेरचे अशी दोन बक्षिसे ठेवणे बरे.

सॉल्व्ह चालू असताना कोपरा फिरला तर? – सातारा

सगळे सुटून एकच कोपरा जागच्या जागी फिरलेला दिसला, तर तो तिथेच पिळून सरळ करायचा. टायमर चालूच राहतो. एकच कडा उलटी किंवा दोनच कडांची अदलाबदल दिसली तर मात्र क्यूब कधीतरी चुकीचा जोडला गेला आहे. सुटा करून वाटेल तसा जोडलेला क्यूब सुटण्याची शक्यता बारात एक. त्यामुळे आणलेला प्रत्येक क्यूब सकाळी एकदा पूर्ण सोडवून पाहा.

आदल्या रात्री क्यूबला तेल द्यावे का? – रत्नागिरी

देऊ नका. नव्या वंगणाने क्यूब सैल धावतो आणि बोटांची सवय चुकते, बाजू ठरल्यापेक्षा पुढे जाते. तीन-चार दिवस आधी क्यूबसाठीच्या सिलिकॉनचे एक-दोन थेंब, मग शंभरेक सॉल्व्ह. खोबरेल तर नकोच, थंडीत ते आतच गोठते. शिलाई मशीनचे तेलही नको. आणि वडापाव खाल्ल्यावर हात साबणाने धुऊनच टेबलाशी या. तेलकट बोटे घसरतात, आणि तो तेलकटपणा क्यूबवरून टायमरच्या पट्ट्यांवर जातो.

रविवारी दुपारी सगळे कंटाळतात. तेव्हा काय खेळावे? – पणजी

जोडीने आंधळा क्यूब. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, क्यूब त्याच्या हातात. दुसरा मागे उभा राहून चाली सांगतो, हात लावत नाही. गोंगाटात ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून इंग्रजी अक्षरे सोडून द्या. ‘उजवी वर’ म्हणजे आर, ‘उजवी खाली’ म्हणजे आर-प्राईम, ‘छत डावीकडे’ म्हणजे यू, ‘मागची’, ‘खालची’ असे शब्द आधी ठरवून घ्या. नेहमीच्या चौकडीला, म्हणजे आर, यू, आर-प्राईम, यू-प्राईम यांना, एकच टोपणनाव द्या. चार चालींऐवजी एक शब्द बोलावा लागतो. पट्टीवाल्याने क्यूब हातात वळवायचा नाही, नाहीतर सांगणाऱ्याची ‘उजवी’ आणि त्याची ‘उजवी’ वेगळ्या होतात. पहिल्यांदा खेळणाऱ्या जोडीला पाच मिनिटे द्या. सांगणाऱ्याने पुढची चाल आधीची फिरल्यावरच बोलायची, कारण पट्टीवाला दोन चाली मागे पडला की तो थांबून ‘काय?’ विचारतो आणि तोवर सांगणाराही आपण कुठे होतो ते विसरलेला असतो.