विमानच नाही, मग ऑटोपायलट टेस्ट कसा करतात?

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डायनिंग टेबलावर काडेपेटीएवढा एक बोर्ड, चार सर्वो मोटरी आणि लॅपटॉप मांडून बसतो, म्हणतो छोट्या विमानाचा ऑटोपायलट टेस्ट करतोय. विमान कुठाय विचारलं की स्क्रीनकडे बोट दाखवतो. हे टेस्टिंग आहे की गेम?
— एक बाबा, कळवा

उत्तर : काका, दोन्ही! म्हणजे स्क्रीनवर एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर (विमान उडवायची सिम्युलेटर सॉफ्टवेअर) असेल तर तो गेमसारखाच दिसणार, पण ऑटोपायलटला कुठे डोळे असतात, त्याला जग कळतं ते जायरो (विमान किती वेगाने कलतंय-वळतंय ते मोजणारा), बॅरोमीटर, जीपीएस आणि हवेचा वेग मोजणारी पिटो नळी यांच्या आकड्यांवरून. ते आकडे लॅपटॉपने बनवून दिले तरी बोर्डाला वाटतं आपण हवेतच आहोत. मग बोर्ड सांगतो एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) इतकं हलव, लॅपटॉप गणित करतो की विमान किती कलेल, नवे आकडे पाठवतो, आणि हे चक्र सेकंदाला ५० वेळा वगैरे फिरत राहतं. याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. यात लॅपटॉप मध्येच अडकला तर आकडे उशिरा पोचतात आणि विमान दारू प्यायल्यासारखं डुलायला लागतं, पोरगं बिचारं रात्रभर गेन (चूक किती जोराने सुधारायची ते ठरवणारे आकडे) बदलत बसतं आणि दोष असतो मागे उघड्या असलेल्या चाळीस टॅबचा. तेवढं बघायला सांगा त्याला.

पण विमान सरळ उडतंय म्हणून पेढे वाटू नका. सिम्युलेशनचा खरा फायदा म्हणजे बोर्डाशी खोटं बोलता येतं. जीपीएस बंद कर, वारा सोड, पिटो नळी बुजव. नळीचं तोंड आणि पाणी जायचं भोक दोन्ही बुजलं तर आत हवा कोंडते, विमान वर चढतं तसा बाहेरचा दाब कमी होतो, आतला तसाच राहतो, आणि यंत्राला वाटतं स्पीड वाढतोय. ऑटोपायलट शहाण्यासारखा नाक वर करतो, खरा स्पीड पडत जातो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली यायला लागतं. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ असंच पडलं, १८९ माणसं गेली. संशय होता कुंभारीण माशीवर, तीच जी आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते. मुलाला विचारा, ही टेस्ट केलीस का?

आता माझी फजिती. मी विमानाचं गणित पण स्वतः लिहिलं आणि कंट्रोलचा कोड पण, आणि एलेरॉनचं प्लस-मायनस दोन्हीकडे उलटं टाकलं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, लॅपटॉपवर आठवडाभर अगदी लोण्यासारखं उडत होतं, शीळफाट्यापुढच्या माळावर हातातून सोडलं आणि दोन सेकंदात उताणं. थर्माकोलचं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून लॅपटॉप बंद करून, खरे सेन्सर चालू ठेवून, सर्वो (या फळ्या हलवणाऱ्या मोटरी) विमानात बसवल्यावर अख्खं विमान हातात धरून उजवीकडे कलवतो : उजवं एलेरॉन खाली गेलं पाहिजे, डावं वर. नाक खाली केलं की एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) वर. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि सर्वोचा दांडा ढिला असेल तर तेही तिथेच कळतं, सिम्युलेटरला ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : माणूस बसतो त्या सेसनासारख्या विमानात पण जमिनीवर असं काही बघतात का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, ऑटोपायलट असेल तर निघायच्या आधीच. जमिनीवर तो चालू करायचा आणि मग योक (पायलटच्या हातातलं स्टीअरिंग) हाताने जोर लावून फिरवायचं. सर्वोत घसरणारा क्लच असतो, त्यामुळे माणसाचा जोर जिंकला पाहिजे. मग योकवरचं डिसकनेक्टचं बटण दाबायचं, सुटल्याचा आवाज येतो आणि योक हलकं होतं. हलकं नाही झालं तर विमान तिथंच उभं ठेवून मेकॅनिकला हाक मारायची.