कूपन नसतं तर गेला असतास का?

चि. भाचेबुवांस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली दुकानांची यादी चष्मा लावून नीट वाचली. कंपनीने दिवाळीचे म्हणून सहा हजारांचे पॉइंट दिलेत, त्यांतून कुठली व्हाउचर घ्यायची ते महिनाअखेरपर्यंत सांगायचंय, आणि तू दसऱ्यापासून नुसती यादी वर-खाली करतोयस. शेवटी लिहिलंयस, "आत्या, फुकटचेच आहेत, मग भारी काहीतरी घेऊ का?" त्या 'फुकटचेच'साठी हे पत्र जरा लांबणार आहे.

फुकटचे नाहीत रे बाबा. तुझ्या कष्टाच्या मोबदल्यातलाच तो तुकडा आहे, फक्त रोख दिलेला नाही. माझ्या नोकरीच्या काळात मालकाने दिलेली भेट वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत करमुक्त असायची, त्याच्या वरची पगारात धरली जायची. तुला काय नियम लावलाय ते पगाराच्या पावतीवर बघ. आयकरवाल्यांना जे उत्पन्न वाटतं ते तुला फुकट वाटावं?

तेव्हा यादी बाजूला ठेव आणि प्रत्येक दुकानाच्या नावापुढे एकच प्रश्न लिही: कूपन नसतं तर मी इथे गेलो असतो का? खिशातले पैसे काढून, यंदा, याच दुकानात? 'हो' असेल तर ते व्हाउचर जवळजवळ रोख रकमेच्या तोलाचं. 'नाही' असेल तर त्यावर छापलेला आकडा तुझ्या कामाचा नाही, मग दुकान कितीही झगझगीत असो.

मी दादरला कापडाच्या एका मोठ्या दुकानात हिशेब खात्यात होते हे तुला ठाऊक आहे. रात्री काउंटरवरून आलेल्या कूपनांचे गठ्ठे मोजायचे, शिक्के मारायचे, बिलांशी जुळवायचे. हजाराचं कूपन घेऊन आलेलं माणूस हजाराचीच खरेदी करून गेलं असं क्वचित दिसायचं. हजाराच्या आत बिल झालं तर उरलेले पैसे परत मिळत नसत, म्हणून माणसं वर जात. सतराशे, बावीसशे. वरचे पैसे स्वतःचे. मालक खूश आणि गिऱ्हाईकही खूश, कारण त्याला वाटायचं हजार वाचले.

आणि जी कूपनं परत आलीच नाहीत ती वेगळीच. त्यांचे पैसे दुकानाने आधीच घेतलेले, माल द्यावा लागला नाही. ही रक्कम इतकी होते की तिच्यावर जीएसटी लागतो का हा वाद थेट जीएसटी परिषदेपर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत 'लागत नाही' असं ठरलं. तुझ्यासारख्यांच्या ड्रॉवरमध्ये विसरलेल्या कागदांवर देशभरातले अर्थमंत्री बसून चर्चा करतात, आणि तू म्हणतोस 'नंतर बघू'.

आता यादी. किराण्याचं आणि ज्यावर सगळंच मिळतं अशा मोठ्या ऑनलाइन दुकानाचं व्हाउचर सगळ्यांत वर. तेल, तांदूळ, साबण, टूथपेस्ट तू कूपन नसतं तरी घेणारच होतास. शिवाय या कार्डांत बहुधा उरलेली शिल्लक खात्यात राहते, एकाच बिलात उडवावी लागत नाही. हे अगदी नीरस उत्तर आहे, माहीत आहे मला. पण बाजाराचंही मत तेच आहे. बँकांच्या ॲपवर गिफ्ट कार्डं सवलतीत विकायला असतात, ती एकदा बघ. किराणा आणि ऑनलाइन बाजारवाल्यांच्या कार्डावर जेमतेम सूट, आणि कपडे, स्पा, चष्मे, सहली यांच्यावर घसघशीत. जी वस्तू सगळ्यांना हवी असते तिच्यावर कोण कशाला सूट देईल? कार्डावर जेवढी मोठी सूट, तेवढं ते लोकांना कमी हवंय असं समज.

कपड्यांच्या दुकानांबद्दल मी पक्षपाती आहे, कारण तिथल्या अटी आम्हीच टाईप करायचो. आधी हे बघ की तुला मिळतंय ते पैसे भरलेलं व्हाउचर आहे की नुसतं सवलतीचं कूपन. तुझ्या यादीत दोन्ही एकत्र कालवलीयत. '२,९९९ च्या खरेदीवर ५०० सूट' हे कूपन आहे. तुला बाराशेचा एक शर्ट हवा असेल तर ते वापरण्यासाठी २,४९९ मोजावे लागतील. पाचशे वाचले म्हणशील, पण खिशातून १,२९९ जास्तीचे गेले. पैसे भरलेलं व्हाउचर असेल तर तीन गोष्टी वाच: सेलमध्ये चालतं का, एका बिलावर किती लावता येतात, आणि ऑनलाइन चालतं की फक्त दुकानात. सेलमध्ये चालत नसेल तर सोड. पूर्ण किमतीत तू कधी कपडे घेतोस?

छापील किमतीवर सूट म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. कायद्याने एमआरपी ही कमाल किंमत आहे, सगळे कर धरून. आमच्या कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा कितीतरी वस्तू तिच्याखाली देतो. एमआरपीवर दहा टक्के म्हणजे कधीकधी त्या वाण्यापेक्षा महागच.

सोन्याच्या दुकानाचं कूपन तुला वहिनीसाठी घ्यावंसं वाटतंय. तुझी आई आहे, मला काय वाईट वाटणार? पण 'घडणावळीवर २५ टक्के सूट' याचं गणित कर. लाखाचं सोनं, बारा टक्के घडणावळ म्हणजे बारा हजार, त्याचे पंचवीस टक्के तीन हजार. एक लाख बारा हजारांच्या बिलावर तीन हजार सुटले, तीन टक्केसुद्धा नाहीत. आणि कूपन नसतं तर यंदा सोनं घेतलं असतंस का? नाही ना.

क्रोमासारख्या दुकानाचं मात्र घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या हिंजवडीच्या फ्लॅटवर मिक्सर नाही हे मी स्वतः पाहिलंय. चौघं जण बाहेरून चटणी आणता! मिक्सर घेणारच असाल तर घे. घड्याळाचं घेऊ नकोस. फोन बघून वेळ सांगणारा मुलगा तू.

आता हॉटेलचं. तू लिहिलंस की मित्र म्हणतात बुफेचं घे, आठवण राहते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मलाही दुकानाकडून अशीच निवड मिळाली होती. तुझ्या काकांनी मोठ्या हॉटेलातल्या जेवणाच्या कूपनावर बोट ठेवलं होतं. मी किराण्याची घेतली. ते काही बोलले नाहीत, पेपर वाचत बसले. त्या वर्षी ताईची इंजिनिअरिंगची फी होती, घराचा हप्ता होता, आणि घरात आलेला प्रत्येक रुपया कुठे जाणार हे आधीच ठरलेलं होतं. दोघांच्या कूपनात चौघं कशी जेवली असती? मुलांना घरी ठेवून आम्ही गेलो असतो का? वरचे पैसे कुठून आणले असते? आजही ती यादी समोर आली तर मी किराणाच घेईन. तुझे काका गेल्यावर तुझ्या बाबांनी एकदा मला म्हटलं, "तेवढं एक जेवण झालं असतं गं." त्याला म्हणायला काय जातंय. जायचंच होतं तर पगाराच्या दिवशी रोख पैसे देऊन जायला हवं होतं, कुठल्याही साध्या हॉटेलात, आम्हाला आवडेल ते मागवून. कूपनाने ठरवलेल्या जागी, त्याने ठरवलेल्या वारी, 'शनिवार-रविवारी लागू नाही' वाचत नाही. तेही जमलं नाही हे खरं, पण तो दोष किराण्याचा नाही.

असो. विषय तुझा चाललाय.

एक गोष्ट मात्र मला काळजीने सांगायचीय. एकाच दुकानाचं, त्याच्याच दुकानात चालणारं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही. अनेक दुकानांत चालणाऱ्या प्रीपेड गिफ्ट कार्डांना तिचे नियम आहेत, कमाल रक्कम १०,००० आणि मुदत किमान एक वर्ष. एका दुकानाच्या कार्डाला जी मुदत ते दुकान छापेल ती. आणि दुकान बंद पडलं तर तू त्याच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी. तू शाळेत असताना आपण सगळे बिग बझारला जायचो, 'सबसे सस्ते दिन'ला ट्रॉल्या मिळायच्या नाहीत. २०२२ मध्ये ती दुकानं गेली आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. एवढं मोठं नाव जाऊ शकतं, तर तुझ्या यादीतल्या त्या नव्या ब्युटी ब्रँडचं काय घेऊन बसलास?

'फक्त २ तास उरले' या लाल अक्षरांना भिऊ नकोस. असली खोटी घाई दाखवणं २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. खरी मुदत फक्त तुमच्या एचआरने मेलमध्ये दिलीय ती. पैसे भरलेलं व्हाउचर दुकानाने मुदतीत असूनही नाकारलं तर भांडत बसू नकोस, १९१५ ला फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती.

मला विचारशील तर चार हजार किराण्याचे किंवा ऑनलाइन बाजाराचे, दोन हजार मिक्सरसाठी, वरचे पैसे चौघांनी वाटून घ्या. किराण्याचं चार हजारांचं एकच कार्ड घेऊ नकोस, हजाराहजाराची घे. एखादं हरवलं किंवा अडकलं तर बाकीची राहतात. कोड आले की त्याच दिवशी खात्यात भरून टाक, मेलमध्ये ठेवू नकोस. आणि मिक्सर घेताना तीन भांड्यांचा घे, नाहीतर चटणीचं छोटं भांडं नसलेला घेऊन येशील.

तुझी,
आत्या