काळ्या व्हिनिअरची पारख कडेवरून करावी

तून या तांबूस लाकडाचे अंग, त्यावर ६ मिलिमीटर मेपलचा थर, दोहोंच्या मध्ये गडद व्हिनिअरची (लाकडाच्या अगदी पातळ पानाची) एक रेघ आणि उजव्या हाताखाली खोल उतार, ही तुमच्या बास गिटारची आखणी वाचली आणि मला माझी दुसरी बास आठवली. मध्ये काळे रंगवलेले व्हिनिअर घालावे, वेंगे हे आफ्रिकी लाकूड घालावे की शिसवी, असे तुम्ही विचारले आहे. सोबतच्या छायाचित्रात तिन्ही नमुने टेबलावर आडवे ठेवून वरून टिपलेले आहेत. मीही माझे व्हिनिअर असेच वरून पाहून निवडले होते, आणि त्याची किंमत एक सुरेख मेपलची फळी व जवळजवळ चार महिने इतकी पडली. मी व्यावसायिक वाद्यकार नाही, हौसेने चार बास आणि एक गिटार केली आहे. त्यामुळे पुढचे सारे त्या मर्यादेतच वाचावे.

कपाटाच्या दारावर लावलेल्या व्हिनिअरचा चेहरा दिसतो, तर वाद्याच्या दोन लाकडांमध्ये दाबलेल्या व्हिनिअरची केवळ कड दिसते. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी गेलो ते दुकान प्रामुख्याने घरसजावटीचा माल विकणारे होते. तिथल्या गृहस्थांनी दिव्याखाली एक गडद काळे पान पसरून दाखवले, मी 'रंग आरपार आहे ना?' असे विचारले आणि त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. त्या पानाचा बोटभर तुकडा कापून कड पाहायला दोन मिनिटे लागली असती, पण ती मी दिली नाहीत. अंग चिकटवून, बाहेरचा आकार कापून, बाजू घासून झाल्यावर दिसले ते असे की वर एक केसाएवढी काळी रेघ, खाली तशीच दुसरी, आणि मध्ये मळकट पिवळे लाकूड. रंग केवळ दोन्ही पृष्ठभागांत मुरला होता.

बाजूवर हा दोष कदाचित खपून गेला असता, पण हाताखालच्या उताराने तो उघडा पाडला. तुमचा उतारही खोल असल्याने हा हिशेब मुद्दाम मांडतो. ०.६ मिलिमीटरचे व्हिनिअर सरळ उभ्या बाजूवर ०.६ मिलिमीटरच दिसते आणि ४५ अंशांच्या कापावर सुमारे ०.८५. पण उतार वरच्या पृष्ठभागाशी १५ अंशांचा असेल तर तीच रेघ सुमारे २.३ मिलिमीटर रुंद होते आणि १० अंशांचा असेल तर जवळजवळ साडेतीन. म्हणजे बाजूवर दोरा वाटणारी रेघ हाताखाली फितीसारखी पसरते. त्या फितीत व्हिनिअरच्या आतले सगळे दिसते: अर्धवट मुरलेला रंग, वेंगेचे तपकिरी पट्टे, मागे चिकटवलेले कापड किंवा कागद असेल तर तोही. फीत रुंद झाल्यामुळे कानस कुठे जास्त लागली तेही नागमोडी कडेतून कळते. तुम्ही 'रेघ जाड दिसावी म्हणून दोन पाने घालू का?' असेही विचारले आहे. दहा अंशांच्या उतारावर दोन पानांची फीत सात मिलिमीटरांची होईल, हे मनात धरूनच ठरवावे.

माझी खरी घोडचूक मात्र याच्या पुढची आहे. मधला फिका भाग काळा करण्यासाठी मी स्पिरिटमध्ये विरघळणारा काळा रंग बारीक कुंचल्याने त्या रेघेवर भरला. लांबीच्या बाजूंवर तो बऱ्यापैकी जागच्या जागी राहिला, परंतु अंगाच्या पुढे आलेल्या शिंगांच्या टोकांवर आणि मागच्या टोकाला, जिथे मेपलचे रेषे आडवे कापले जातात, तिथे त्या लाकडाने रंग अक्षरशः पिऊन घेतला. दोन-तीन मिलिमीटर आत गेलेले निळसर काळे डाग घासून निघेनात, कारण जितके घासावे तितका आकार बिघडत होता. शेवटी वरचा थर रंध्याने उतरवून नवी फळी लावावी लागली. कडेवर नंतर रंग भरू, असा विचार मनात आलाच तर तो तिथेच सोडून द्यावा.

दुकानाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. मी कापलेला तुकडा घेऊन गेलो तेव्हा त्याच गृहस्थांनी कड निरखून 'हा माल बाजूने पाहायचा नसतोच' असे सांगितले, आणि कापलेला माल परत घेत नाही असे लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवले. आरपार रंग असल्याचे त्यांनीच सांगितले होते, याला उत्तर मिळाले नाही. मला पैशांपेक्षा त्या होकाराचा राग अधिक आला, कारण 'ठाऊक नाही' एवढे म्हटले असते तरी मी घरी जाऊन तपासले असते. उरलेली पाने मी आमच्या सुताराला दिली. त्याने ती एका कपाटाला लावली, आणि तिथे ती उत्तम दिसतात.

आता तुमच्या तीन नमुन्यांविषयी माझे मत सांगतो. शिसवी मी वगळेन. ते लाकूड सुंदर आहे, पण जांभळट तपकिरी रंगाची बारीक रेघ तुनाच्या तांबूसपणात विरून जाते. शिवाय शिसवी म्हणून साधा शिशम गळ्यात मारला जाण्याची शक्यता असतेच. तरीही वापरलेत तर चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्यावे, कारण त्यातले तेल गोंदाला नीट धरू देत नाही. बास पुढे परदेशातील भावाकडे जाणार आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक माहिती. शिसवी आणि शिशम ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडतात, तिच्यातील लाकडांवर जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, पण सुट्या व्हिनिअरच्या पानांना ती सूट नाही. पाठवण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत.

काळे रंगवलेले हवेच असेल तर रिकॉन प्रकारचे घ्यावे. त्यात पातळ पाने आधी रंगवून, एकावर एक चिकटवून ठोकळा करतात आणि त्यातून पुन्हा पाने काढतात, त्यामुळे रंग सहसा आतपर्यंत असतो. दिसायला ते जरा निर्जीव असते, पण मेपलखाली आखीव काळी रेघ हवी असणाऱ्याला तेच चालेल. मात्र तो काळा रंग सुटतो का, हे पाहणे आवश्यक आहे. पांढरा सुती कपडा एकदा पाण्यात आणि एकदा थिनरमध्ये भिजवून तुकड्यावर जोरात घासावा. पाण्याच्या कपड्यावर रंग उतरला तर पांढऱ्या गोंदाऐवजी इपॉक्सी वापरावे. थिनरच्या कपड्यावर उतरला तर लॅकर मारताना मेपल काळवंडेल, म्हणून ते पान घेऊच नये.

माझा कौल वेंगेला आहे. मध्य आफ्रिकेतले हे लाकूड बाहेरून जसे तसेच आतून, आणि त्याचे तपकिरी पट्टे उतारावरच्या फितीत तुनाशी छान जुळतात. निव्वळ काळे हवे असणाऱ्याला ते पट्टे खुपतील, हे मान्य. त्याची कुसळे फार बोचतात व पिकतातही, म्हणून हातमोजे घालावेत, आणि भुकटीसाठी मास्क लावावाच. ती काळी भुकटी घासताना मेपलच्या छिद्रांत बसते. म्हणून मी आकार देऊन झाल्याबरोबर मेपलवर लाखेचा एक पातळ हात देतो, रेघेजवळ पॉलिश पेपरऐवजी स्क्रेपर चालवतो, आणि कपड्याने पुसण्याऐवजी हवेच्या झोताने भुकटी उडवतो.

एवढ्या पातळ थराने आवाजात फरक पडतो, असे कोणी तरी तुम्हाला सांगेलच. मला तरी कधी ऐकू आला नाही.

काळी रेघ मिळवण्याची आणखी एक वाट आहे; ती अधिक खटपटीची आहे, पण सांगून ठेवतो. सागाच्या किंवा ओकच्या व्हिनिअरच्या पानांना हिरड्याचा दाट काढा पाजून वर लोखंडाचा कीस मुरवलेले व्हिनेगर दिले की रंग न वापरता लाकूड काळे पडते. या काळेपणाला लागणारा हिरड्यातला तुरट अंश मेपलमध्ये मुळात फारच कमी असतो. मी हे दोनदा केले आहे. एकदा रंग आरपार गेला आणि एकदा नाही, म्हणजे इथेही पान कापून कड पाहणे आलेच.

चिकटवण्याची घाई मात्र करू नका. तुम्ही पुण्यात आहात आणि सध्या भर पावसाळा आहे. हवेत ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली तर लाकडात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरते आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते निम्म्याहून खाली येते. तीन वेगवेगळी लाकडे आत्ता चिकटवलीत तर उन्हाळ्यात प्रत्येक आपापल्या परीने आकसेल, आणि त्या काळ्या रेघेच्या कडेला नख अडकेल इतकी पायरी हाताला लागेल. माझ्या पहिल्या बासला ती अजून आहे. फळ्या दिवाळीपर्यंत घरात, हवा खेळेल अशा पट्ट्यांवर रचून ठेवाव्यात, आणि तोवर तिन्ही नमुन्यांचे तुकडे दहा अंशांत तासून त्यांची छायाचित्रे टाकावीत.